कोल्हापूर, सांगली आणि मधले पन्नास किलोमीटर

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीच्या जागावाटपात कोल्हापूर काँग्रेसच्या वाट्याला आलं आणि तिथून शाहू छत्रपती उभे राहिले. त्याची भरपाई म्हणून शिवसेनेच्या ठाकरे गटाने सांगली मागून घेतली आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांना उमेदवारी दिली. गादीच्या गावाला गादीचा वारस मिळाला आणि नाट्यपंढरीच्या पदरात पैलवान पडला. सांगलीतल्या काँग्रेसवाल्यांना हा सौदा पचला नाही. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. तिकडे शाहू छत्रपतीही निवडून आले. मुंबईत बसून नकाशा पाहणाऱ्यांना ही दोन शहरं एकमेकांच्या बदल्यात देता-घेता येतील अशी वाटतात. तिथे राहणाऱ्याला विचारलं तर तो आधी हसेल, मग शेजारच्या गावाची चार उणीदुणी काढेल, आणि बोलता बोलता कळेल की त्याची बहीण त्याच गावात दिलेली आहे.

रस्त्याने अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती, सांगली-मिरज-कुपवाडची पाच लाखांच्या थोडी वर. ऊस दोन्हीकडे, साखर कारखाने दोन्हीकडे, दूध संघ दोन्हीकडे. लग्नाच्या पत्रिकेवरची आडनावंही बहुतेक तीच. तरीही कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून उठून कोणी सांगलीच्या हरभट रोडवर आला, तर आपण दुसऱ्या मुलखात आलो हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आवाजाची पट्टी उतरते, दुकानदार जरा जास्त मोजून-मापून बोलतो आणि ‘काय भावा’ची जागा ‘काय म्हणताय’ घेतं.

याचं मूळ संस्थानी काळात आहे. कोल्हापूर ही छत्रपतींची गादी. सांगली त्या मानाने नवी. मिरजेच्या पटवर्धनांत वाटणी झाली आणि १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेबांनी कृष्णाकाठच्या लहानशा गावात आपली राजधानी मांडली. त्यांनी गणेशदुर्ग उभारला, गणपतीचं देऊळ बांधलं, पेठा वसवल्या. एकीकडे मराठा राजघराणं, दुसरीकडे चित्पावन जहागीरदार. पुढे राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला आणि जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरच्या सार्वजनिक बोलण्यात आजही जो एक ठसठशीत बहुजनी आत्मविश्वास आढळतो, तो तिथून आला. सांगलीला असा उलथापालथीचा राजा मिळाला नाही. तिला मिळाला तो नाटकवेडा राजा.

१८४३ मध्ये चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या घटनेवरून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी सांगलीत दिलं जाणारं विष्णुदास भावे गौरवपदक नटमंडळींना अजूनही मोठं वाटतं. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. तेव्हा नाट्यपंढरी ही पदवी सांगलीने स्वतःहून लावून घेतलेली नाही, इतकं मान्य करावं लागतं.

पण याच ठिकाणी दोन शहरांची तुलना करणाऱ्याची गाडी रुळावरून घसरते, कारण कलेच्या बाबतीत ही गावं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की कोणाचं काय हे वेगळं काढता येत नाही. संगीत नाटक लिहिणारे सांगलीचे, पण ते गाजवणारे केशवराव भोसले कोल्हापूरचे. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव ज्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, ते नाटक खाडिलकरांचं. तरुण नारायण राजहंसांना कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनी मिरजेला धाडलं, असं बालगंधर्वांच्या चरित्रांत सांगितलं जातं. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मधून ते पहिल्यांदा रंगमंचावर आले, तेही मिरजेतच.

गाण्याचंही तसंच. अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबार गायक होते. जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्रात रुजली ती कोल्हापूरच्या मातीतून. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेतच दफन झाले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवयांची हजेरी लागते. हिंदुस्थानी संगीतातली दोन मोठी घराणी आगगाडीच्या एका छोट्या पल्ल्यात नांदत होती. मधल्या स्टेशनांवर उतरणाऱ्या रसिकांची काय चंगळ झाली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मंगेशकरांचं घर हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, लतादीदींचं लहानपण तिथे गेलं. वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी त्या मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लागल्या. ती कंपनी कोल्हापूरची. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यांच्याच मालकीचा झाला. आता या कुटुंबाला सांगलीकर म्हणायचं की कोल्हापूरकर? दोन्ही गावं आपापल्या भाषणांत त्यांना आपलं म्हणतात आणि दोन्ही खरंच बोलतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी आजही हाताने होतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा उद्योग सुरू केला, असं तिथे सांगतात. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या पट्ट्यातून. जाड सालीचे, वेलीवरच वाळवलेले. कारागीर आधी भोपळा भिजवून मऊ करतो, तोंड कापून आतला गर आणि बिया काढतो, मग आत काटक्या आडव्या लावून हव्या त्या आकारात त्याला वाळू देतो. तूनच्या लाकडाची दांडी त्याला जोडली जाते. या सगळ्यापेक्षा अवघड काम शेवटी येतं ते जव्हारीचं. घोडीवर तार जिथे टेकते तो पृष्ठभाग कानसेने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एक घासा जास्त झाला की तंबोरा बोलायचा थांबतो आणि नुसता वाजतो. हे काम डोळ्यांनी होत नाही, त्यामुळे पोरगा गल्लीत वाढलेला असला तरी त्याचा कान तयार व्हायला वर्षं जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने पुढची पिढी कामावर बसेलच असं नाही, पण निदान बनावट मालाशी भांडायला कागद हाती आला.

कोल्हापूरचं हातकाम वेगळ्या जातीचं. पापाची तिकटीच्या चप्पल ओळीत कातड्याचा वास येतो, शिवाजी उद्यमनगरात तापलेल्या लोखंडाचा. चपलेची गोष्ट २०२५ मध्ये जगभर गेली. प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, इथे ओरड झाली आणि कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ चं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. त्यात सांगलीही आहे. त्या गदारोळात ही बाब कोल्हापुरातही फारशी कोणाच्या तोंडी नव्हती.

उद्यमनगराची गोष्ट मात्र जगभर जाण्यासारखी असूनही गेली नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा कमी शिकलेल्या पण यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसांनी ऑइल इंजिनं बनवायला घेतली. उसाच्या चरकाला आणि विहिरीच्या पंपाला इंजिन हवंच होतं, गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्यातून ओतकामाचे कारखाने निघाले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांचे सुटे भाग तिथून देशभर जातात. गंमत अशी की अभियांत्रिकीचं महाविद्यालय आधी सांगलीत निघालं. विश्रामबागेतलं आजचं वालचंद महाविद्यालय १९४७ चं. पदवी सांगलीत आणि लेथ कोल्हापुरात, असा प्रकार कित्येक वर्षं चालला. पदवीधर मग पुण्याला गेले. ते अजूनही जातात, दोन्हीकडून, आणि रविवारी रात्रीच्या पुण्याच्या गाड्या दोन्ही स्टँडवर सारख्याच भरलेल्या असतात.

सांगलीचा पिंड व्यापाराचा. हळद तिच्या अंगाला लागली आहे. वसंतदादा मार्केट यार्डात येणारी हळद काही एकट्या सांगली जिल्ह्याची नाही. मराठवाडा, कर्नाटक, तेलंगणापर्यंतचा माल इथे येऊन विकला जातो, म्हणजे सांगलीची ताकद शेतात कमी आणि बाजारात जास्त. हरिपूरला जमिनीत पेवं होती. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोटात गाडीच्या गाड्या हळद. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही आणि किडा लागत नाही, म्हणून तोंड लिंपून माल वर्षानुवर्षं ठेवता यायचा आणि भाव आला की पेव फोडायचं. फोडल्याबरोबर कोणी आत उडी टाकत नसे. कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी लागे, नाहीतर माणूस गुदमरायचा. महापुरांनी आणि शीतगृहांनी मिळून या पेवांचा जमाना संपवला. आता शीतगृहांत हळदीच्या जोडीला तासगाव भागातला बेदाणा असतो. त्यालाही मानांकन आहे.

मालाची वाट पाहणं, भाव ओळखणं, पैसा अडकवून ठेवणं आणि योग्य दिवशी सोडवणं या कौशल्यावर सांगली उभी राहिली. स्वभावही तसाच घडला. सांगलीकर बाजाराचा रंग पाहून बोलतो. कोल्हापूरकर आधी बोलतो, मग रंग पाहतो.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो रस्त्यावर उतरण्यात. कोल्हापुरात अंतर्गत रस्त्यांच्या सुमारे पन्नास किलोमीटरच्या प्रकल्पासाठी शहराच्या वेशीवर टोल नाके बसवले गेले. भर शहरात शिरायला टोल, हे कोल्हापुरी डोक्यात बसणं शक्यच नव्हतं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ पुढे, मागे तालमी, तरुण मंडळं, रिक्षावाले, गृहिणी. मोर्चे झाले, बंद झाले, २०१४ च्या जानेवारीत नाके जाळले गेले, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल कायमचा रद्द करावा लागला. ठेकेदाराचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतून म्हणजे लोकांच्याच खिशातून गेले, हा भाग कोल्हापूरकर विजयाची गोष्ट सांगताना गाळतो. एन. डी. पाटील जन्माने वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, म्हणजे सांगली जिल्ह्याचे. लढायला माणूस सांगलीचा आणि आखाडा कोल्हापूरचा, असंही म्हणता येईल.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं आंदोलन त्याहून लांबलेलं. सहा जिल्ह्यांतले वकील चार दशकांहून अधिक काळ मागणी करत होते. काम बंद, उपोषणं, परिषदा यांची गणती नाही. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकार आता कोल्हापूरला येतात. विद्यापीठ १९६२ पासून कोल्हापुरात, विमानतळ कोल्हापुरात, आता कोर्टही कोल्हापुरात. सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टीची जुनी जागा आहे, पण तिच्यावर आजवर जी काही उड्डाणं झाली ती निवडणुकीच्या भाषणांतली.

मग सांगलीला कोणी वालीच नव्हता का? उलट. नेत्यांची मोजदाद केली तर कोल्हापूर मागे पडतं. सांगली जिल्ह्याने वसंतदादांच्या रूपाने मुख्यमंत्री दिला. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे आजच्या सांगली जिल्ह्यातच येतं. आर. आर. पाटील गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले, जयंत पाटलांनी अर्थखातं वर्षानुवर्षं सांभाळलं, पतंगराव कदम तर मंत्रिमंडळात जणू कायमचेच होते. कोल्हापूर जिल्ह्याला आजवर एकही मुख्यमंत्रिपद मिळालेलं नाही. पण आर. आर. आबांचं घर तासगाव तालुक्यातल्या अंजनीत, जयंतरावांचं इस्लामपुरात म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, पतंगरावांचं कडेगावकडे. वसंतदादा पद्माळ्याचे, शहराला लागून. त्यांच्या नंतर सांगली शहराला आपलं म्हणणारा तेवढ्या वजनाचा नेता उरला नाही. प्रत्येकाने आपला तालुका फुलवला, आपला कारखाना, आपली शिक्षणसंस्था मोठी केली. शहर सगळ्यांचं होतं आणि म्हणून कोणाचंच नव्हतं. कोल्हापुरात राजकारणी एकमेकांच्या उरावर बसतात, पण भांडण शहरासाठी आणि शहरातच होतं.

महापालिकांची शरीरंही वेगळी आहेत. कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून हद्द जवळपास तीच, ६७ चौरस किलोमीटरच्या आत. हद्दवाढीचा विषय निघाला की शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर मोर्चे निघतात. उजळाईवाडी, पाचगाव, उचगाव यांची घरं शहराला चिकटलेली, पोरं शहरात शिकायला, माणसं शहरात कामाला, पण घरफाळा ग्रामपंचायतीचा हवा. तोडगा म्हणून २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण काढलं, ज्याने कोणाचंच समाधान झालं नाही. सांगलीचा प्रश्न उलटा. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावं एका महापालिकेत घातली गेली. क्षेत्र ११८ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरच्या पावणेदोन पट. मधल्या मोकळ्या शेतांवर गुंठेवारीच्या वसाहती उगवल्या. गटार नाही, रस्ता नाही, सखल भागात शामरावनगरासारख्या ठिकाणी पावसाळ्यानंतरही पाणी साचून राहतं. आणि मिरजकर अजून मिरजकरच आहे. तो सांगलीला ‘जातो’. महापौर कुठला, निधी कुठे गेला, यावरून दर काही महिन्यांनी घरगुती तक्रार होते.

मिरजेचं हे वेगळेपण उगाच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथे इस्पितळ काढलं आणि गावाचं नशीब बदललं. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. बेळगाव, विजापूर, सोलापूरकडून रुग्ण रेल्वेने मिरजेत उतरतात आणि स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला दुखणं ऐकून दवाखाना सुचवतो. मिरज जंक्शन नसतं तर हे झालं नसतं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी इथूनच भरून सुटत होती. कोल्हापूरची रेल्वे मात्र १८९१ पासून मिरजेपाशी सुरू होते आणि कोल्हापुरात संपते. पुढे डोंगर. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणारा मार्ग कागदावर अनेकदा धावला आहे. त्यामुळे कोल्हापूरहून मुंबई, दिल्ली, तिरुपती कुठेही रेल्वेने जायचं तर आधी मिरजेला नमस्कार. सांगलीवाल्याला हायवेचं दुःख आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरला खेटून जातो आणि सांगलीला पेठ नाक्यापर्यंत जावं लागतं. त्या सांगली-पेठ रस्त्याच्या खड्ड्यांवर एका पिढीचे मणके खर्ची पडले.

खाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर येणारी मिसळ, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून हातात दिलेला फेसाळ दुधाचा पेला. सांगलीचं भडंग पिशवीतून घरी नेऊन खायचं असतं. एक शहर रस्त्यावर उभं राहून खातं, दुसरं घरी बसून.

खेळातही तीच वाटणी. कोल्हापूरच्या पेठांना फुटबॉलचं वेड आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या माणसाला कुलदैवतासारखी. शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याच्या दिवशी निम्मी शिवाजी पेठ आणि निम्मी मंगळवार पेठ गॅलरीत असते आणि पोलिसांचा बंदोबस्त मैदानापेक्षा पेठेत जास्त लागतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. सांगलीत बुद्धिबळ. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी एका मध्यम शहरात हा खेळ असा रुजवला की भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या राष्ट्रीय विजेत्या तिथून आल्या. विजय हजारे आणि नंदू नाटेकर सांगलीत जन्मले, स्मृती मानधना सांगलीत वाढली. पण मातीच्या कुस्तीत ही वाटणी मोडते. खासबागेचं मैदान १९१२ चं आणि कोल्हापूरचं, तरी हिंदकेसरी मारुती माने सांगलीशेजारच्या कवठेपिरानचे.

सगळ्यांत गंभीर धागा पाण्याचा आहे. कोल्हापुरात पाऊस सांगलीच्या दीडपटीहून अधिक. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडीत तर टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांनी कृष्णा उचलून नेल्याशिवाय हिरवं दिसत नाही. पण जुलै उजाडला की दोन्ही शहरं फुटांत बोलू लागतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सांगलीत आयर्विन पुलाखाली ४० आणि ४५. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरगं सांगतं. सांगलीकराचा एक डोळा कोयनेवर आणि दुसरा कर्नाटकातल्या अलमट्टीवर असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५. महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

पूर दोन्हीकडे येतो, पण बुडतं ते वेगळं. कोल्हापूरचं जुनं गावठाण उंचावर आहे. अंबाबाईच्या देवळाला पाणी लागत नाही. बुडतात त्या शाहूपुरी, कुंभार गल्ली, नागाळा पार्क, म्हणजे गाव खाली उतरून ओढ्या-नाल्यांच्या आणि नदीच्या जागेत पसरलं तो भाग. सांगलीत जुनं गावच नदीच्या वळणात बसलेलं. मारुती चौक, गावभाग, पेठा, म्हणजे शहराची तिजोरीच पाण्यात जाते आणि विश्रामबाग कोरडी राहते. त्यामुळे सांगलीचं शहर हळूहळू स्वतःची जागा सोडून मिरजेच्या दिशेने सरकतं आहे. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला गेलं, दुकानदार दुसऱ्या शाखेसाठी शंभर फुटी रस्त्याकडे पाहतो. कोल्हापूरला सरकायला जागाच नाही. ते पूररेषेत बांधतं आणि दर पुरानंतर पूररेषा कुठे आखायची यावर वाद घालतं.

दोन्ही शहरांचं हे पाणी शेवटी एकाच ठिकाणी मिळतं. वारणा सांगलीपाशी हरिपूरला कृष्णेत येते, पंचगंगा नृसिंहवाडीला. म्हणजे शिरोळ तालुक्यात. कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणीही पंचगंगेतून तिथेच जातं, आणि भाविक त्याच संगमात स्नान करतात.

शिरोळ-हातकणंगले या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाकडे पाहिलं तर तुलनेचा सगळा खेळच फोल वाटू लागतो. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेलं व्यापारी गाव. जिल्हा कोल्हापूर, पण सांगली हाकेच्या अंतरावर. तिथला शेतकरी सातबाऱ्याच्या वादासाठी कोल्हापूरला जातो, आईच्या ऑपरेशनसाठी मिरजेला, हळद विकायला सांगलीला, मुलाच्या पदवीच्या कागदांसाठी पुन्हा कोल्हापूरला. उसाच्या दराची घोषणा मात्र तो जयसिंगपुरातच ऐकतो, कारण स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद दरवर्षी तिथे भरते आणि दोन्ही जिल्ह्यांतले कारखाने तिच्याकडे कान लावून असतात. २०२५ मध्ये जवळच्या नांदणी मठाची हत्तीण गुजरातेत नेली गेली, तेव्हा कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकच्या सीमाभागातली गावं एकदम पेटून उठली. जिल्ह्याची हद्द कोणालाही आठवली नाही.

या माणसासाठी एक शहर आहे, ज्याची दोन टोकं आहेत. सरकारी नियोजनात मात्र ते दोन जिल्हे, दोन महापालिका, दोन पालकमंत्री. शिवाय इचलकरंजीचीही २०२२ मध्ये महापालिका झाल्यामुळे पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात आता तीन महापालिका आहेत आणि त्यांच्यात मिळून विचार करणारी यंत्रणा एकही नाही. पंचगंगा शुद्ध करण्याचे आराखडे एका जिल्ह्यात होतात, कृष्णेचे दुसऱ्यात. कोल्हापूर-मिरज मार्गावर दर अर्ध्या तासाला लोकल धावावी एवढे प्रवासी रोज ये-जा करतात, पण पॅसेंजर गाड्यांच्या वेळा कचेरी आणि कॉलेजच्या वेळांशी जुळत नाहीत आणि एकेरी लोहमार्गावर लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देत त्या रुकडी-हातकणंगल्याला उभ्या राहतात. रत्नागिरी-नागपूर महामार्ग दोन्ही टोकांना रुंद झाला आणि नेमका मधला चोकाक ते अंकली हा टप्पा भूसंपादनाच्या मोबदल्यावरून अडकून पडला. इतर ठिकाणी चौपट मोबदला मिळाला, आम्हाला का नाही, हा तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल रास्त होता.

अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचं कर्नाटकने पुढे रेटलं, तेव्हा २०२५ च्या उन्हाळ्यात कृष्णेवरच्या अंकलीपाशी दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांनी चक्काजाम केला. २०१९ च्या पुराचं खापर वडनेरे समितीने अलमट्टीवर फोडलेलं नाही, हे आंदोलकांतल्या जाणत्यांना ठाऊक होतं. उंची वाढल्यावर काय होईल हा प्रश्न वेगळा, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापूरचे आंदोलक आले ते पुलाच्या एका बाजूने, सांगलीचे दुसऱ्या, आणि वाहनांच्या रांगा दोन्ही बाजूंना लागल्या. मागण्यांचं निवेदन मात्र दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना वेगवेगळं द्यावं लागतं. नदी एक असली तरी तिच्या पुराचा पंचनामा कोल्हापूरचा तलाठी वेगळा करतो आणि सांगलीचा वेगळा.